दहापासून सुरू होणारा टेप

खोली दाखवायच्या आधी काकांनी माझी उंची मोजली.

मी तेव्हा पूर्णेच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं गाव जिंतूरच्या पलीकडं, तिथून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं. वर्गातल्या एकानं सांगितलं, रेल्वेतून निवृत्त झालेले एक सिग्नलवाले गच्चीवरची खोली देतात, पण माणूस जरा वेगळा आहे. मी गेलो. दारात लुंगी, वर रेल्वेचा विटका निळा शर्ट आणि डोक्यावर हेडफोन अशा वेषात काका उभे होते. हेडफोनचा एक कान बसवलेला, दुसरा वर सरकवलेला. हा मोकळा कान बाहेरच्या जगासाठी, हे मला नंतर कळलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"भिंतीला पाठ लाव," म्हणाले. खिशातून स्टीलचा टेप काढला आणि माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत ओढला. "एकशे ब्याऐंशी. वजा दहा. एकशे बहात्तर. चालतंय."

"कशाला चालतंय?"

"खांबावर चढायला. माझे गुडघे गेले. तुझ्या आधीचा पोरगा गुणी होता, पण एकशे साठ. क्लॅम्पला हातच पुरायचा न्हाई."

गच्चीवर लोखंडी खांब होता आणि त्यावर आडव्या नळ्यांचा एरियल. माझी खोली म्हणजे त्या खांबाच्या पायाशी बांधलेलं राखणदाराचं घर. मला चाललं. आमच्या घरात मी पहिला कॉलेजात गेलेला. आईबापानं मला कुठल्याही कामाला नाही म्हणायला शिकवलं नव्हतं, आणि खांबावर चढणं तर चिंचेवर चढण्याहून सोपं.

आता त्या टेपाबद्दल. काका नोकरीत असताना रुळाच्या सांध्यात अडकून त्या टेपाची पहिली दहा सेंटिमीटर तुटली होती. दुसरा कोणी असता तर नवा टेप आणला असता. काका म्हणायचे, "पुढचे आकडे तर दुरुस्त हायत ना? मग टाकायचा कशाला?" त्यामुळं त्या घरात सगळी मापं दहापासून सुरू व्हायची. नियम होता: मोजताना दहा वजा, कापताना दहा अधिक. टेप कोणीही मागितला की काका आधी हा नियम म्हणवून घ्यायचे, मगच टेप हातात द्यायचे. एकदाच विसरले. सुतारानं स्वयंपाकघराच्या चौकटीचं लाकूड कापायला टेप नेला तेव्हा काका रेडिओवर होते. चौकट दहा सेंटिमीटर आखूड झाली. तेव्हापासून त्या घरात स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस मान वाकवून जातो. मी पहिल्या आठवड्यात चार वेळा कपाळ आपटलं. काकी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "लागलं का? लागू दे. ध्यानात राहील."

ध्यानात राहिलं नाही, ते पुढं येईलच.

काका हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा दिलेले, लायसन भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं. देवांच्या फोटोंच्या जरा वरच. रोज सकाळी साडेसहाला ते बाहेरच्या खोलीत रेडिओसमोर बसायचे आणि म्हणायचे, "गंगाखेड, गंगाखेड, पूर्णा बोलतोय. ओव्हर." नियमाप्रमाणं दोघांना आपापला कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचं सांकेतिक नाव, सांगावा लागायचा, तो ते पोथीतल्या मंत्रासारखा पटकन उरकायचे आणि मग खऱ्या नावांवर यायचे. पलीकडून आवाज यायचा, "पूर्णा, गंगाखेड ऐकतोय. आज काय केलंय वहिनीनं? ओव्हर."

हे गंगाखेड म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन. दोघं एकोणीस वर्षं रोज बोलत होते आणि एकदाही भेटले नव्हते. रेल्वेनं परभणीवरून गेलं की गंगाखेड, काही परदेश नव्हे. मी विचारलं तर काका म्हणाले, "भेटून काय तोंड बघायचंय? माझंच आरशात बघून कंटाळा आलाय."

"मग फोन नंबर तरी?"

"फोन नंबर घेतला की रेडिओ मेला. खामोखा दिवसभर गुड मॉर्निंगची फुलं पाठवत बसंल."

बोलणं काय असायचं? पिठल्याचं. थंडीचं. नदीला पाणी किती. कारखान्याचा भोंगा बदललाय की काय. पंधरा मिनिटांत आटपायचं. पण त्या पंधरा मिनिटांत काकींनी भांडं जरी वाजवलं तरी काका हात वर करायचे. बाकी दिवसभर त्यांच्याशी बोलणं म्हणजे खांबाशी बोलणं. काकी घरातलं, शेतातलं सगळं सांगायच्या आणि काका "हूं" म्हणायचे. नदीकडच्या बाजूला त्यांची दोन एकर जमीन होती, ती काकीच बघायच्या. काकांनी त्या शेतात मागच्या कित्येक वर्षांत पाय ठेवला नसेल.

दिवाळी झाली, हरभरा वर आला आणि एका सकाळी रेडिओत टकटक सुरू झाली.

टक. एक सेकंद. टक. एक सेकंद. घड्याळासारखी, न चुकता. गंगाखेडचा आवाज मुळातच लांबचा आणि बारीक. प्रत्येक टक त्याच्यातला एक तुकडा खाऊन टाकायची. काकांनी वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, मला तीन वेळा खांबावर चढवलं. काही उपयोग नाही. शेवटी निदान केलं, "झटका मशीन हाय कुणाचं तरी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून लोक शेताभोवती तार ओढतात आणि तिला सौर मशीननं सेकंदाला एक झटका देतात. तार नीट असेल तर कुणाला त्रास नाही. पण कुठं ती लोखंडाला नाहीतर ओल्या गवताला टेकली, की तिथं ठिणगी उडते, आणि ती ठिणगी रेडिओत टक म्हणून ऐकू येते. आमच्या भागात आता बांधाबांधाला झटका. त्यातलं नेमकं कुठलं?

पहिला आठवडा काकांनी चिडून काढला. "मोठ्यानं बोल की! मेलास का? ओव्हर." दुसऱ्या आठवड्यात आवाज खाली आला. कारण त्या टकटकीतून तेच तीन शब्द रोज यायला लागले. "रविवारी... टक... पोरगा... टक... शेवटचं... टक... रविवारी."

"शेवटचं काय?" काका मला विचारायचे, जणू मी गंगाखेडचा. "ऑपरेशन असंल का रे? त्याला छातीचं दुखणं हाय."

काकी म्हणाल्या, "एवढी काळजी हाय तर जाऊन या की."

"जाऊ कुठं? कारखान्याची क्वार्टर कवाच सोडली त्यानं. नवा पत्ता मी कधी विचारलाय?"

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी त्यांनी मला मध्येच "जा, चहा बघ झाला का" म्हणून आत पाठवलं. चहा व्हायचा होता. मी परत आलो तर दार लोटलेलं आणि आतून काका हळू आवाजात, न थांबता बोलत होते. ओव्हर नाही, काही नाही. मी बाहेरच उभा राहिलो. दार उघडल्यावर म्हणाले, "हातातला एरियल बनवू. दिशा दाखवणारा. चालत चालत जाऊन धरू त्या मशीनवाल्याला. रविवारच्या आत."

वरचा एरियल गंजून गंगाखेडच्या दिशेला कायमचा घट्ट बसला होता, तो फिरत नव्हता. म्हणून हा नवा. सामान घरातच निघालं. प्लंबिंगचा पांढरा पाइप, त्याचे जोड, नळाला लावतात तसले क्लॅम्प. आणि पट्ट्यांसाठी गवंड्यांचे मोडीत काढलेले टेप. काका असले टेप वर्षानुवर्षं गोळा करायचे. सिमेंटनं घासून आकडे पार पुसलेले, पण पोलाद शाबूत. या पट्टीची गंमत अशी की ती ताठ उभी राहते आणि दाबली की दुमडते. सगळा एरियल पिशवीत मावतो.

काकांनी मला तीन पट्ट्यांचं गणित समजावलं. मागची लांब, एकशे पाच सेंटिमीटर. ती आरशासारखी, लाट पुढं ढकलते. मधली दोन तुकड्यांची, पंचेचाळीस पंचेचाळीस, तिला वायर जोडायची. पुढची आखूड, एकोणनव्वद, ती वाट दाखवते. ज्या दिशेला एरियल धरल्यावर आवाज मोठा, त्या दिशेला चोर.

"पाइप मी कापतो, पट्ट्या तू काप," म्हणाले. "मापं मी तपासू का?"

आणि मी काय म्हणालो, ते मला अजून शब्द न शब्द आठवतं. मी म्हणालो, "काका, मी फिजिक्सवाला आहे. चार पट्ट्या कापता येतात मला."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. काकांच्या गळ्यात जुना रिसीव्हर, हातात तो पिवळ्या पट्ट्यांचा सांगाडा. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, माशाचा काटा घेऊन कुठं चाललाव?" घरासमोर काकांनी एरियल सगळीकडं फिरवला. रेल्वेलाइनच्या बाजूला टक मोठी झाली, नदीच्या बाजूला दबली. "लाइनीकडं," काका म्हणाले, आणि आम्ही लाइन ओलांडून पलीकडच्या शिवारात शिरलो.

एक गोष्ट मला खटकत होती. जितकं पुढं जावं तितकी टक बारीक होत होती. मी बोललो तर काका म्हणाले, "मधी झाडं आली," आणि आवाजाचं बटण वाढवलं. आणखी पुढं गेलो. "मधी चढ आला." आणखी बटण. शेवटी एक झटक्याची तार लागलीच. बांधावर एक धनगर आजोबा मेंढ्या राखत बसले होते, शेत त्यांच्याच भावाचं.

काकांनी नमस्कार चमत्कार काही केला नाही. "तुमचं मशीन माझ्या रेडिओत ठिणग्या टाकायलंय. तीन आठवडे झाले. माणसाच्या जिवाचा प्रश्न हाय."

आजोबांनी एरियल वरून खाली पाहिला. "हे काय धरलंय तुमी?"

"यानं दिशा कळती."

"बरं. मेंढरू हरवलं तर घावंल का यानं?"

"मशीन बंद करा!"

"करतो की. वरडायलाव कशाला? मेंढरं बुजत्यात." आजोबा उठले आणि खटका पाडला. आम्ही कान देऊन उभे राहिलो.

टक. टक. टक.

"चालूच हाय," आजोबा म्हणाले. "आता मेंढरं बी बंद करू का?"

काकांचा चेहरा उतरला. रागानं त्यांनी एरियल कुदळीसारखा खांद्यावर टाकला आणि घराकडं तोंड करून चालू लागले. आणि खांद्यावर टाकल्याबरोबर गळ्यातल्या रिसीव्हरमधून टक अशी जोरात आली की दोन मेंढ्या खरंच उधळल्या.

काका थांबले. एरियलचं तोंड आता मागं, आजोबांकडं होतं. शेपूट घराकडं. त्यांनी तो खांद्यावरून काढून सरळ घराकडं धरला. टक दबली. उलटा धरला. टक मोठी.

"पट्ट्या कशानं मोजल्यास?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"तुमच्या टेपानं."

"अधिक दहा?"

कपाळावरचं ते चार वेळचं टेंगूळ मला त्या क्षणी पुन्हा दुखलं. एकशे पाचच्या आकड्यावर कापलेली माझी पट्टी पंचाण्णवच भरत होती. मागची पट्टी आखूड झाली की ती आरसा राहत नाही, तीच वाट दाखवायला लागते, आणि ती दाखवते पाठीमागं. मी आम्हा दोघांना तीन किलोमीटर बरोब्बर उलटं चालवलं होतं.

मला वाटलं, आता खोली गेली. पण काका हसायला लागले. इतके हसले की आजोबांनी पाण्याची बाटली पुढं केली. "सुतार तरी सातवी नापास होता," काका म्हणाले. "तुझ्यासाठी सरकारनं कॉलेज काढलं!"

मग आम्ही एरियल उलटा धरून परत निघालो. टक वाढत गेली. लाइन ओलांडली, गल्ली आली, घर आलं, घर मागं पडलं. नदीच्या वाटेला टक एवढी मोठी झाली की काकांनी रिसीव्हरचं बटण पार खाली आणलं. वाट एका हरभऱ्याच्या शेतापाशी संपली. शेतात काकी भाजीसाठी शेंडे खुडत होत्या. भोवती चकचकीत नवी तार, कोपऱ्यात छपरीखाली नवं कोरं झटका मशीन.

"हे कधी बसवलं?" काका ओरडले.

काकी सावकाश उठल्या, ओटीतला पाला सावरला. "दिवाळीच्या पाडव्याला. तीनदा सांगितलं तुमाला. डुकरं शिरायलीत, मशीन बसवू का? तिन्ही बारीला तुमी हूं म्हणालाव."

काका तारेच्या कडेकडेनं एकेक खुंट बघत निघाले. तारेच्या तिसऱ्या खुंटाला प्लॅस्टिकची कडी तडकली होती, तार लोखंडाला टेकली होती आणि सेकंदाला एक निळसर ठिणगी उडत होती. मशीन बंद करून मी पिशवीतल्या उरलेल्या पाइपाचा तुकडा कापला, उभा चिरला आणि तार त्यात बसवली. मशीन परत चालू केलं. रिसीव्हर गप्प. काकी म्हणाल्या, "एवढ्यासाठी गावभर हिंडलाव? मला विचारलं असतं तर बसल्या जागी सांगितलं असतं."

संध्याकाळी काकांनी मला सगळ्या पट्ट्या नव्यानं कापायला लावल्या. चुकलेली वस्तू घरात ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पट्टीला शेजारी बसून "अधिक दहा" म्हणत होते आणि मी शाळेतल्यासारखं "अधिक दहा" म्हणून कापत होतो.

शनिवारी साडेसहाच्या पाच मिनिटं आधीच काकांचा हात बटणावर होता.

"गंगाखेड, गंगाखेड, पूर्णा बोलतोय. ओव्हर."

"पूर्णा, गंगाखेड ऐकतोय. आज तरी ऐकू यायलंय का रे बाबा? ओव्हर." इतका साफ आवाज, मागं कुठंतरी चिमण्या सुद्धा.

"यायलंय. रविवारी काय हाय? आधी ते सांग. ओव्हर."

"तीन आठवडे तेच सांगायलोय. पोरानं परभणीला फ्लॅट घेतलाय, तिसऱ्या मजल्यावर. उद्या टेम्पो येतो. सोसायटीवाले गच्चीवर काही लावू देत न्हाईत. म्हणून आजचं शेवटचं. आणि ऐक, टकटक तुझ्याकडं होती, माझ्याकडं न्हवती. तुझं मला सगळं ऐकू येत होतं. मेलास का म्हणालास, बहिरा म्हणालास, समदं ऐकलं. बुधवारी काय म्हणालास ते पण. ओव्हर."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. ते बुधवारी काय म्हणाले होते, हे मी कधी विचारलं नाही.

"पत्ता सांग," काका म्हणाले. "गंगाखेडचा. येतोय मी. ओव्हर."

परभणीला गाडी बदलून आम्ही दुपारी गंगाखेडला पोचलो. वाटेत पिशवीचा बंद सुटला आणि एरियलची एक पट्टी ताडकन उघडून समोरच्या गृहस्थांची टोपी घेऊन गेली, ते सोडा. बांधाबांध केलेल्या खोक्यांमध्ये एक बुटके, गोल गृहस्थ उभे होते. आवाजावरून मी त्यांना उंच समजत होतो. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनाही बोलायला सुचेना. एकोणीस वर्षांत त्यांना एकमेकांचं तोंड बघत बोलायची सवयच नव्हती.

शेवटी काका म्हणाले, "टक्कल पडलंय तुला. ओव्हर."

"तुझं पोट सुटलंय. ओव्हर," ते म्हणाले, आणि मग गाडी रुळावर आली.

काकांनी एरियल उघडून त्यांच्या हातात दिला. "गच्चीवर लावायचा न्हाई ना? लावू नको. बाल्कनीत उभा राहा आणि पूर्णेकडं धर. सोसायटी तुझा हात थोडाच काढून घेती?" मग माझ्याकडं बोट केलं. "यानं बनवलाय. पहिल्यांदा चुकला होता."

सोमवारी सकाळी मी अभ्यास सोडून बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. साडेसहा झाले. सहा पस्तीस. मग खरखर आणि आवाज.

"पूर्णा, पूर्णा, परभणी बोलतोय. ओव्हर."

"कोण परभणी? मी परभणीला वळखत न्हाई. ओव्हर."

"बरं बाबा. गंगाखेड बोलतोय. ओव्हर."

"हां. आता बोल. ओव्हर."

ते बोलू लागले. लिफ्टचं, सुनेचं, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं. बोलता बोलता आवाज हळूहळू बसत गेला, लांब गेला, खरखरीत बुडायला लागला. मी खांबावर चढायला उठलो. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"हात खाली आलाय तुझा. वर धर. ओव्हर."

"म्हाताऱ्याचा हात हाय, दुखायलाय," आवाज पार तळातून आला.

"मग दुसऱ्या हातात घे. ओव्हर."

खडखड झाली. काहीतरी कठड्याला आपटलं. आणि आवाज एकदम खोलीत आला, शेजारी बसल्यासारखा. "घेतला. वहिनीनं काय केलंय आज? ओव्हर."

काकांनी मोकळा कान स्वयंपाकघराकडं केला. "अगं, काय केलंयस आज?"

"तीनदा सांगितलं तुमाला!" आतून काकी.

काकांचा हात बटणाकडं गेला, थांबला. त्यांनी डोक्यावरून हेडफोन पूर्ण काढला. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही कान एका वेळी उघडे बघत होतो.

"धर," हेडफोन माझ्या हातात देत म्हणाले. "बटण दाबू नको, तुला लायसन न्हाई. नुसतं ऐक." आणि मान वाकवून ते त्या आखूड चौकटीतून आत गेले.

मी हेडफोन लावला. तिकडं परभणीच्या बाल्कनीत गंगाखेड हात वर धरून उभे होते, आणि त्यांचा श्वास सुद्धा मला साफ ऐकू येत होता.